प्रतिस्पर्धी बातमीदारांची प्रेमकथा: त्याने तिच्यासाठी बातमी सोडावी का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने एक लघुकादंबरी लिहिते आहे. हलकीफुलकी प्रेमकथा. ती आणि तो दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत बातमीदार, बीट (वार्तांकनाचं ठरलेलं क्षेत्र) मात्र एकच, न्यायालय. दिवसभर एकाच बाकावर बसायचं, एकाच सुनावणीची टिपणं घ्यायची आणि रात्री एकमेकांवर कुरघोडी करायची. पहिली नव्वद पानं कशी लिहून झाली कळलंच नाही. दोघांची जुगलबंदी माझ्या डोक्यात अखंड चालू असायची.

मग शेवट आला आणि गाडी अडली.

आत्ताचा शेवट असा आहे: तिची नोकरी डळमळीत झाली आहे. त्याच्या हाती एक मोठी बातमी लागते. तो तो कागद गुपचूप तिच्या वहीत सरकवतो आणि स्वतः गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाने पहिल्या पानावर लीड, म्हणजे मुख्य बातमी. तिला सगळं उमगतं, ती त्याला शोधत येते, समाप्त.

लिहिताना माझे डोळे भरून आले होते. पंधरा दिवसांनी वाचलं तर मन कोरडंच राहिलं. उलट चीड आली. नव्वद पानं जी मुलगी कुणाला हार गेली नाही, ती शेवटी दुसऱ्याच्या कागदावर जिंकते?

हा शेवट डोक्यात कुठून आला तेही सांगते. 'रोमन हॉलिडे' (1953) मी अनेकदा पाहिला आहे. त्यात ग्रेगरी पेकच्या बातमीदाराला पळून आलेली राजकन्या सापडते. आयुष्यात एकदाच मिळेल अशी बातमी, फोटोंसकट. आणि तो ती देत नाही. फोटो तिच्याच हाती सोपवले जातात. तिथे ते काळजाला भिडतं. माझ्याकडे का नाही भिडत? तुम्ही वाचलेलं, पाहिलेलं, अनुभवलेलं काही असेल तर मोकळेपणाने लिहा. कौतुक नको, चूक दाखवा.

वाचनवेडी

अगं, दोघांपैकी एकाने तरी हरायलाच हवं का? मला अशा कथा आवडतात त्या दोघं तोडीस तोड असतात म्हणून. एक जण मुद्दाम हरला की खेळ संपला.

जुना पडदा

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'रोमन हॉलिडे'तच आहे. तिथे बातमीदार एकच आहे. राजकन्येला बातमीशी देणंघेणं नाही, उलट बातमी आली तर तिचंच नुकसान. म्हणून त्याचं गप्प राहणं ही भेट ठरते. तुमच्याकडे दोघंही बातमीदार आहेत. तिला बातमी हवी आहे, पण ती स्वतः मिळवलेली. तो तिला जे देतो ते तिला नकोच होतं.

थोडं मागे जाऊन सांगतो, कारण या प्रकाराची मुळं मला फार प्रिय आहेत. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर या दोन माजी बातमीदारांनी 'द फ्रंट पेज' हे नाटक लिहिलं, 1928 साली ते ब्रॉडवेवर आलं. सगळं नाटक शिकागोच्या फौजदारी न्यायालयातल्या वार्ताहर कक्षात घडतं. वेगवेगळ्या पेपरांचे वार्ताहर एकाच खोलीत बसलेत, पत्ते खेळतायत, आणि एकाच घटनेची जो तो आपापल्या फोनवरून आपापली बातमी सांगतोय. प्रतिस्पर्धी म्हणजे लांबचा शत्रू असं इथे नाही, तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला आहे. तुमच्या कथेतलं बाक म्हणजे तीच खोली.

त्या नाटकात हिल्डी जॉन्सन हा बातमीदार पुरुष आहे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने 1940 च्या 'हिज गर्ल फ्रायडे' या सिनेमात त्या पात्राची बाई केली, शिवाय तिला संपादकाची घटस्फोटित बायको केलं. एवढ्या एका बदलाने धंद्यातल्या भांडणाची प्रेमकथा झाली. संवादांतली भांडणं बरीचशी तीच राहिली, फक्त आता त्यांना दुसरा अर्थ आला.

त्यातला एक प्रसंग जरूर बघा. हिल्डी (रोझलिंड रसेल) फाशीच्या कैद्याची मुलाखत घेऊन आली आहे. अर्धवट टाइप केलेला कागद यंत्रातच आहे आणि ती खोलीत नाही. बाकीचे वार्ताहर, सगळे तिचे प्रतिस्पर्धी, तो कागद वाचतात. एरवी टिंगलीशिवाय तोंड न उघडणारी ही माणसं तिच्या लेखणीला मनापासून दाद देतात. कथेत प्रेम कुठे सुरू होतं ते मला या कागदाशी कळतं. तिचा होणारा नवरा ब्रूस सज्जन आहे, तिची काळजी घेणारा आहे, पण तिने काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वॉल्टरला, म्हणजे त्या संपादकाला (कॅरी ग्रँट), आहे. तो खोटं बोलतो, कारस्थानं करतो, ब्रूसला पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकायची व्यवस्था करतो, पण ती किती चांगली बातमीदार आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्या नायकाने तिची बातमी कधी वाचली आहे का? म्हणजे खरोखर, तिचा शब्दन् शब्द?

अर्धविराम

जुना पडदा, शेवटचा प्रश्न वाचून थबकले. नाही वाचलेली. नव्वद पानांत तो एकदाही तिची बातमी वाचत नाही. दोघं फक्त बोलतायत.

टिपणवही

एक छोटी दुरुस्ती. 'हिज गर्ल फ्रायडे'तले दोघं प्रतिस्पर्धी नाहीत, तो तिचा संपादक आहे. दोन वेगळ्या पेपरांतले बातमीदार हवे असतील तर 'आय लव्ह ट्रबल' (1994) आहे. ज्युलिया रॉबर्ट्स आणि निक नोल्टी, शिकागोतले दोन पेपर, रेल्वे अपघाताची एकच बातमी. मांडणी तुमच्या कथेच्या जवळची. पण पुढे पुढे गोळीबार आणि पळापळ इतकी वाढते की बातमी लिहिणं मागेच पडतं. मला तिथेच तो सिनेमा सुटल्यासारखा वाटला. दोघांना एकत्र आणायला मारेकरी लागले म्हणजे लेखकाचा भांडणावर विश्वास नव्हता.

पाचवी रांग

मी नाटकवाला, म्हणून संवादांबद्दल लिहितो.

हॉक्सच्या त्या सिनेमात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. कुणी वाक्य संपायची वाट बघत नाही. तरी प्रेक्षकाला सगळं कळतं, कारण वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द ठेवलेले असतात, एकावर एक आदळतात ते तेवढेच. मधला मुद्दा स्वच्छ ऐकू येतो.

ही युक्ती मराठीत तर हाताशीच आहे. "अहो पण मी काय म्हणतो", "नाही पण ऐका तरी", "म्हणजे बघा ना", "असू दे असू दे". आपण भांडताना निम्मे शब्द असलेच बोलतो. दोघांना एकमेकांचे हे शब्द तोडू द्या, मुद्दा तोडू देऊ नका. तालमीत करून बघितलंय, गती दुप्पट होते आणि अर्थ एक कणही सांडत नाही.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने मोठं: तुमच्या कथेत 'तुम्ही'चं 'तू' कुठे होतं? एकाच बाकावर बसणारे दोन प्रतिस्पर्धी सुरुवातीला "तुमच्या पेपरात आज काही दिसलं नाही" असंच म्हणणार. त्यातलं 'तुमच्या' अनेकवचन पेपरासाठीही आहे आणि अंतरासाठीही. ज्या वाक्यात त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' निसटेल ते वाक्य जपून वापरा. मराठी वाचकाला त्यापुढे वेगळं प्रेमनिवेदन लागत नाही.

अर्धविराम

पाचवी रांग, तिसऱ्याच पानावर दोघं अरे-तुरेवर आले आहेत! आज रात्रीच बदलायला घेते.

निळी शाई

अकरा वर्षं बातमीदारी करते आहे, त्यातली सहा न्यायालयाच्या बीटवर. हा धागा वाचून राहवलं नाही.

आधी तुमच्या शेवटाबद्दल. माझ्या वहीत कुणी असा कागद सरकवला असता तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. खरंच. 'तुला झेपत नव्हतं म्हणून मी दिलं' हाच त्याचा अर्थ होतो, मग त्याच्या मनात कितीही माया असो. शिवाय तो कागद कुठून आला, देणाऱ्याचा हेतू काय, तो खरा की बनावट, हे न तपासता ती लीड लावते? मग ती बातमीदार कसली? आणि त्याच्या सूत्राचं काय? एखाद्याने विश्वासाने त्याला कागद दिला, आणि तो तिसऱ्याच माणसाच्या हाती गेला. प्रेमात त्याने दोघांचा घात केला, तिचा आणि सूत्राचा.

आता बाकाबद्दल. प्रतिस्पर्धी म्हणून आम्ही दिवसभर एकमेकांचा दुस्वास करत नाही. पेन देतो, चार्जर देतो. वकिलाचं आडनाव नीट ऐकू आलं नाही तर शेजारच्याला विचारतो आणि तो बरोबर सांगतो, चुकीचं सांगायचं नाही हा अलिखित नियम आहे. पुढची तारीख, खंडपीठाचा क्रमांक, हे सगळं वाटून घ्यायचं. सूत्र मात्र नाही. फोन बाकावर नेहमी पालथा ठेवायचा, स्क्रीन खाली. कुणाला फोन आला आणि तो तिथेच बोलला तर कुणी वळूनही बघत नाही. पण तो उठून जिन्याकडे गेला की सगळ्या बाकाचे कान टवकारतात. परत येताना त्याची चाल बघायची. माझ्या शेजारी बसणारा एक जण मोठी बातमी हाती लागली की परत येताना हळू चालायचा. घाई दिसू नये म्हणून. चार वर्षं त्याच्या शेजारी काढल्यावर मला ते कळलं. तो हळू चालत आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

एखाद्या माणसाच्या चालण्याकडे इतकं लक्ष आपण आणखी कुणाच्या देतो?

तुमच्या कथेला पळापळ नको, नोकरीवर संकट नको. दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत आहे, आणि एकमेकांना सांगता येत नाही अशी एकच गोष्ट आहे, उद्या काय छापून येणार. प्रेमात माणूस सगळं सांगू पाहतो. या धंद्यात नेमकं तेच बंद. तुमची अडचण तिथे आहे, मस्त अडचण आहे.

टिपणवही

निळी शाई, अप्रतिम प्रतिसाद.

बातमी 'देण्या'च्या उलट बाजूचं खरं उदाहरण म्हणजे मार्था गेलहॉर्न आणि अर्नेस्ट हेमिंग्वे. दोघांनी स्पेनच्या यादवी युद्धाचं वार्तांकन केलं, 1940 मध्ये लग्न केलं. गेलहॉर्न 'कॉलियर्स' साप्ताहिकासाठी लिहीत होती. 1944 मध्ये हेमिंग्वेने त्याच 'कॉलियर्स'चा युद्धवार्ताहर होणं पत्करलं आणि आघाडीवर जाण्याची तिची वाट बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा ती एका रुग्णवाहू जहाजावर चढली, न्हाणीघरात लपून बसली आणि किनाऱ्यावर उतरून जखमींना आणायला मदत करून आली. हेमिंग्वेने ती उतरण बोटीतून पाहिली, त्याला किनाऱ्यावर उतरू दिलं गेलं नाही. 1945 मध्ये घटस्फोट.

ही विनोदी कथा नाही हे मान्य. पण बातमीदार जोडप्यात खरा घाव कुठे बसतो ते यातून दिसतं. त्याने तिची जागा घेतली.

वाचनवेडी

हे सगळं छान आहे, पण मंडळी, तिला रोमँटिक कॉमेडी लिहायची आहे! वाचताना हसू यायला हवं आणि शेवटी दोघं एकत्र यायला हवीत. मी या पुस्तकाकडे रडायला येणार नाही.

आणि शेवटी तिने नोकरी सोडायची नाही, एवढी विनंती. 'वुमन ऑफ द इयर' (1942) आठवतो. कॅथरीन हेपबर्न राजकीय स्तंभलेखिका, स्पेन्सर ट्रेसी क्रीडा वार्ताहर, एकाच पेपरात, छापील भांडणातून प्रेमात पडलेले. पहिला भाग किती सुंदर आहे! तो तिला बेसबॉलच्या सामन्याला घेऊन जातो आणि जगाचं राजकारण कोळून प्यायलेली ही बाई एकेक साधा प्रश्न विचारत जाते. आणि शेवट? ती स्वयंपाकघरात न्याहारी करायला जाते आणि सगळा विचका होतो. चाचणी खेळानंतर शेवट बदलून हा जोडला गेला. पटकथेला ऑस्कर मिळालं, पण तो शेवट बघताना मला दरवेळी वाटतं, हिच्या टाइपरायटरने काय घोडं मारलं होतं?

जुना पडदा

वाचनवेडी, शंभर टक्के सहमत.

हिंदीत याच मांडणीचं उदाहरण म्हणजे अझीझ मिर्झांचा 'फिर भी दिल है हिन्दुस्तानी' (2000). शाहरुख खान आणि जुही चावला, दोन स्पर्धक वाहिन्यांचे बातमीदार. पूर्वार्धात नुसती चढाओढ, कोण कोणाच्या आधी पोचतं. मग फाशीची शिक्षा झालेला माणूस (परेश रावल) मध्ये येतो आणि त्याची फाशी थेट प्रक्षेपित करण्याचा घाट घातला जातो. प्रदर्शित झाला तेव्हा फारसा चालला नाही. पुढच्या वर्षांत बातम्यांच्या वाहिन्यांचं पीक आलं आणि त्यातलं बरंच खरं होताना आपण पाहिलं.

गंमत अशी की 1928 च्या नाटकातही फाशीचा कैदी आहे. बहात्तर वर्षांचं अंतर, देश वेगळा, माध्यम वेगळं, आणि मधोमध तोच माणूस. मला वाटतं हा योगायोग नसावा. दोघांची चढाओढ कितीही मजेशीर असली तरी बातमी कुणाच्या तरी जिवाची असते. ते वजन नसेल तर भांडण हे पोरकट चिडवाचिडवीसारखं वाटायला लागतं. अर्धविराम, तुमच्या बातमीत कुणाचं काय पणाला लागलं आहे?

अर्धविराम

एका कंपनीने ठेवीदारांचे पैसे बुडवले आहेत, संचालकांची नावं बाहेर यायची आहेत. तो यादीचा कागद मिळवतो. ठेवीदारांतली एक म्हातारी बाई सुरुवातीपासून प्रत्येक सुनावणीला येऊन बसते, दोघांनाही ती ओळखते. तिला मी फक्त पार्श्वभूमीला ठेवलं होतं. आता वाटतंय, तीच मधोमध आहे.

रात्रपाळी

बावीस वर्षं पेपरच्या डेस्कवर, म्हणजे रात्री बातम्या तपासून पानं लावण्यात काढली, म्हणून हे नाव. एक खरी घटना सांगतो. माणसं आणि पेपर ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतो.

डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारा अंक) सुटली होती, शहर आवृत्तीचं पहिलं पान छपाईला सोडायला पंचवीस-तीस मिनिटं उरली होती. लीड आमच्या एका तरुण बातमीदाराची, चार जणांवरच्या आरोपांची. तेवढ्यात डेस्कचा फोन वाजला. पलीकडे स्पर्धक पेपरचा बातमीदार. म्हणाला, "तुमच्याकडे आज अमुक बातमी असेल तर दुसऱ्या नावाचं वय बघून घ्या." एवढंच. मी विचारलं, का? म्हणाला, "त्याहून जास्त मला बोलता येणार नाही." आणि फोन ठेवला.

मी आमच्या बातमीदाराला सांगितलं. तो भडकला. म्हणाला, बातमी लांबवायचा डाव आहे, त्यांच्याकडे नाहीये म्हणून. मलाही क्षणभर तसंच वाटलं. या धंद्यात असा फोन आला की पहिली शंका तीच येते. तरी तपासलं. त्या गावात त्याच नावाचे दोघं होते, सख्खे चुलत भाऊ. आम्ही भलत्याच माणसाला आरोपी करणार होतो. नाव काढलं, पान वेळेवर सुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेपरात हीच बातमी आमच्यापेक्षा मोठी होती.

फोन करणाऱ्याने त्याची बातमी आम्हाला दिली नाही. त्याचं सूत्र सांगितलं नाही. तो आमच्याशी हरलाही नाही. आम्ही तोंडघशी पडणार होतो, तेवढं त्याने होऊ दिलं नाही. पुढची कित्येक वर्षं त्या पेपरचा अंक उघडताना मी आधी त्याचं नाव शोधायचो.

तुमच्या नायकाला कागद सरकवू देऊ नका. त्याला फोन करू द्या.

वाचनवेडी

अंगावर काटा आला. आणि कॉमेडीही इथेच आहे की! त्याने जन्मात एकदा निरपेक्ष मनाने काही केलं, आणि तिला वाटतं हा डाव आहे. नव्वद पानं तो डावच टाकत आलाय, तिने का विश्वास ठेवावा?

पाचवी रांग

आणि घड्याळ आहे. पान सुटायला पंचवीस मिनिटं. नाटकाला आणखी काय हवं? वेबसाइटवर बातमी केव्हाही दुरुस्त होते, तिथे हा ताण उभा राहणार नाही. छापील पेपरच ठेवा.

रात्रपाळी

पाचवी रांग, घड्याळ आणि फोन, दोन्ही महत्त्वाचे. 22 नोव्हेंबर 1963 ला डलासमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा वार्ताहरांच्या गाडीत रेडिओफोन एकच होता. यूपीआय या वृत्तसंस्थेच्या मेरिमन स्मिथने तो आधी पकडला आणि सोडेचना. मागच्या सीटवरून एपी या स्पर्धक वृत्तसंस्थेचा जॅक बेल त्याला मारत होता, फोन दे म्हणून. स्मिथला त्या वार्तांकनासाठी पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. एवढी भीषण घटना डोळ्यांसमोर घडत असताना दोन शहाणी, अनुभवी माणसं फोनसाठी हातघाईवर आली. ईर्ष्या इतकी खरी असते. म्हणून त्या ईर्ष्येवर मात करून केलेल्या एका फोनला मोल आहे.

निळी शाई

रात्रपाळी, तुमचा किस्सा वाचून मी दहा मिनिटं तशीच बसून राहिले.

अर्धविराम, त्यात एकच भर घालते. समजा तिच्याकडे संचालकांची जुनी यादी आहे आणि त्याच्याकडे सुधारित. जुन्या यादीतला चौथा माणूस घोटाळ्याच्या आधीच राजीनामा देऊन गेला होता, त्याच्या जागी आलेलं नाव हीच त्याची खास बातमी. तो फोन करून फक्त म्हणतो, चौथं नाव तपासा.

ती तपासेलच. आणि ती चांगली बातमीदार आहे, त्यामुळे 'चौथा गेला' इथे थांबणार नाही. 'मग चौथ्याच्या जागी कोण आलं?' हा प्रश्न तिला पडणारच. म्हणजे त्याच्या फोनमुळे त्याचीच खास बातमी जाते! त्याने दिली म्हणून जात नाही, तिने मिळवली म्हणून जाते. सकाळी दोन्ही पेपरांत एकच लीड. फोन करताना हे होणार हे त्याला ठाऊक असायला हवं. तिची कुवत त्याच्याइतकी कुणाला माहीत आहे?

जुना पडदा

निळी शाई, साष्टांग नमस्कार. याहून चांगला शेवट मला सुचला नसता.

अर्धविराम

तीन दिवस इथे आले नाही, लिहीत होते. 'तुम्ही-आम्ही' पहिल्यापासून बदललं. सतराव्या पानावर तो आता रोज सकाळी आपला पेपर उघडण्याआधी तिचा उघडतो. ती म्हातारी बाई दोघांच्या मध्ये बाकावर बसते. आणि फोनचा प्रसंग असा झाला आहे:

*"नाही पण ऐका तरी..."*

*"पान सुटायला वीस मिनिटं आहेत, तुमचं ऐकायला मला वेळ नाही."*

*"चौथं नाव आहे ना तुमच्या बातमीत? ते तपासा."*

*"माझ्या बातमीत काय आहे ते तुम्हाला कसं कळलं?"*

*"दुपारी तुम्ही जिन्यावरून हळू चालत आलात."*

*ती गप्प झाली. मागे कुणीतरी मोठ्याने मथळा वाचून दाखवत होतं.*

*"का तपासू? कारण सांगा."*

*"सांगता येणार नाही."*

*"मग मी का ऐकायचं? मागच्या महिन्यात सुनावणी पुढे ढकलली म्हणून कुणी सांगितलं होतं मला? अर्धा दिवस घरी बसले होते मी."*

*"ते मीच. आणि त्याच्या आधीचंही मीच. आजचं तसं नाही."*

*"हे मी कशावरून मानू?"*

*तो काही बोलला नाही. तिने फोन ठेवण्यासाठी कानापासून लांब नेला आणि तेवढ्यात ऐकू आलं, "तुझ्या नावाखाली उद्या खुलासा छापून आलेला मला बघवणार नाही."*

*तिने फोन परत कानाला लावला. तो ठेवून गेला होता. घड्याळात पावणेबारा. तिने वही उघडली, चौथ्या नावाखाली रेघ मारली आणि कंपनीच्या जुन्या वकिलाचा नंबर फिरवला. "झोपला होतात का? माफ करा. एकच विचारते, ते कधी गेले? आणि त्यांच्या जागी कोण आलं?"*

दुसऱ्या दिवशी दोघं बाकावर येतात. दोघांच्या हातात आपापले पेपर. म्हातारी बाई दोन्ही मागून घेते, मांडीवर शेजारी शेजारी ठेवते आणि पाचही नावं दोन्हींकडे सारखीच आहेत का ते बोट ठेवून वाचते. तिचं वाचून होईपर्यंत दोघंही बोलत नाहीत. पुस्तक तिथेच संपतं.

पाचवी रांग

"तुझ्या नावाखाली". मिळालं तुमचं वाक्य.

वाचनवेडी

"तुम्ही जिन्यावरून हळू चालत आलात" वाचून मी मोठ्याने हसले आणि लगेच गळ्यात दाटून आलं. पण एकत्र येतात ना गं?

अर्धविराम

येतात. म्हातारी पेपर परत देताना अदलाबदल करते, त्याचा तिला, तिचा त्याला. दोघं तसेच घेऊन घरी जातात.

निळी शाई

सुरेख झालंय. फक्त दोन गोष्टी. एक नाव गेलं आणि एक आलं, तर यादीत नावं आधीइतकीच राहणार. आधी चार होती की पाच ते एकदा ठरवा, नाहीतर म्हातारीचं बोट अडखळेल. आणि सुधारित यादी वकिलाच्या तोंडी सांगण्यावर छापता येणार नाही. त्याने कागदाचा फोटो पाठवल्याची एक ओळ टाका.

अर्धविराम

आधी पाच, त्यातलं चौथं गेलं, नवं आलं, पाचच. सुरुवातीच्या एका प्रकरणात चुकून चार लिहिली आहेत. आत्ता दुरुस्त करते. फोटोची ओळही घालते.

रात्रपाळी

आणि पावणेबाराला 'वीस मिनिटं' म्हणजे पान बारा-पाचला सुटतंय. शहर आवृत्तीला चालेल. राहू द्या.